टर्नटेबल पाठवताना प्लॅटर आधी उतरवा

टेक्निक्स एसएल-१२०० हे टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) कुरिअरने पाठवताना बबल रॅपचे भरपूर थर द्या, असा सल्ला बरेचदा मिळतो. तो बरोबरच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. टर्नटेबलला बाहेरच्या धक्क्याइतकाच धोका त्याच्या स्वतःच्या सुट्या भागांचा असतो. प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) नुसता स्पिंडलवर, म्हणजे मधल्या दांड्यावर, बसलेला असतो. खोकं उलटं झालं की तो निसटतो आणि टोनआर्मवर (सुई धरणाऱ्या दांडीवर) आदळतो. मग टोनआर्मचं बेअरिंग गेलंच म्हणून समजा. म्हणून प्लॅटर उतरवून वेगळा गुंडाळा (त्याच्या तळाशी मोटरचं चुंबक असतं, तेही जपा). काउंटरवेट (टोनआर्मच्या मागचं वजन) काढा, हेडशेल (टोनआर्मचं पुढचं सुटं टोक) कार्ट्रिजसकट, म्हणजे सुईच्या भागासकट, डबीत ठेवा, टोनआर्म क्लिपमध्ये अडकवून मऊ दोरीने बांधा. वरचं झाकणही वेगळं.

मग खोक्यात खोकं, आणि दोन्हींच्या मध्ये सगळीकडून किमान ५ सेंमी घट्ट फोम. थर्माकोलचे गोळे नकोच. इतकं जड यंत्र प्रवासात त्यांतून तळाला जातं.

कुरिअरवाले बहुधा लांबी × रुंदी × उंची (सेंमी) भागिले ५००० असं आकारमानी वजन (किलोत) धरतात, म्हणजे खोकं मोठं तर आकारही जास्त. तो खर्च आधीच किमतीत धरा, पण कृपया फोम कमी करून वाचवू नका. विमा घेतलात तर पॅकिंगच्या प्रत्येक थराचे फोटोही काढून ठेवा.