‘जड’ की ‘सामरिक’? : हेवी बॉम्बरसाठी मराठी शब्द

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातील लँकेस्टर विमानाविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी ‘हेवी बॉम्बर’साठी ‘जड बॉम्बफेकी विमान’ असे लिहिले होते. लेख तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी ते बदलून ‘सामरिक बॉम्बफेकी विमान’ असे केले आहे. हे दोन शब्द समानार्थी मानावेत काय? त्याच लेखातील ‘एरिया बॉम्बिंग’ला, म्हणजे एका ठरावीक लक्ष्याऐवजी सबंध परिसरावर बॉम्ब टाकण्याला, मराठीत काय म्हणावे?

उत्तर : समानार्थी मानू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जड’ या विशेषणाने विमानाची जात कळते. लँकेस्टरला चार इंजिने होती, त्यात सात जणांचा चमू असे आणि सुमारे 6,350 किलो वजनाचे बॉम्ब ते वाहून नेऊ शके. दुसरे विशेषण विमानाच्या कामाविषयी आहे. रणांगणावरील आपल्या फौजेला मदत करण्याऐवजी थेट शत्रूच्या देशात शिरून त्याचे कारखाने, तेलसाठे, रेल्वे आणि शहरे उद्ध्वस्त करायची आणि त्याची लढण्याची कुवतच मोडून काढायची, असे ते काम होते.

जात आणि काम यांची सांगड नेहमीच जुळत नाही. 7 जुलै 1944 रोजी नॉर्मंडीतील काँ शहराजवळ सुमारे साडेचारशे लँकेस्टर आणि हॅलिफॅक्स विमानांनी बॉम्ब टाकले, ते जमिनीवरील ब्रिटिश आणि कॅनेडियन फौजांना वाट मोकळी करून देण्यासाठी. उलट मॉस्किटो हे दोन इंजिनांचे, दोघांनी चालवायचे हलके विमान बर्लिनवर बॉम्ब टाकून येत असे. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर, भारतीय हवाई दलाची लिबरेटर विमाने जातीने जडच होती. परंतु पुण्याच्या तळावरून ती अनेक वर्षे सागरी टेहळणी करत असत.

‘सामरिक’ या शब्दाविषयी माझी आणखी एक हरकत आहे. समर म्हणजे युद्ध. तेव्हा युद्धाशी संबंधित ते सारे सामरिक. या न्यायाने रणगाड्यांपुढे वाट साफ करणारे जर्मन स्टुका विमानही सामरिकच ठरेल आणि जो भेद दाखवायचा तोच पुसला जाईल. तुमच्या लेखात शत्रूच्या देशावरील हल्ल्यांसाठी ‘व्यूहात्मक’ (स्ट्रॅटेजिक) आणि रणांगणावरील मदतीसाठी ‘डावपेचात्मक’ (टॅक्टिकल) ही जोडी वापरावी, म्हणजे वाचकाला दोन्ही कामांतील अंतर कळेल.

दुसरे उत्तर : वरील मताशी मी सहमत आहे. ‘बॉम्बफेकी’विषयी थोडे लिहितो. गोळाफेक, भालाफेक या शब्दांत हाताने नेम धरून फेकणे अभिप्रेत असते. विमानातून बॉम्ब सोडला जातो, आणि बोलताना आपण ‘बॉम्ब टाकला’ असेच म्हणतो. तरीही ‘बॉम्बफेकी’ हा शब्द वाचकांच्या ओळखीचा आणि सुटसुटीत आहे, म्हणून तो ठेवावा.

‘एरिया बॉम्बिंग’चा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘क्षेत्रीय बॉम्बफेक’ हा शब्द भूमितीच्या पुस्तकातला वाटतो आणि घडलेली गोष्ट झाकतो. ब्रिटिश बॉम्बहल्ल्यांची अचूकता तपासणाऱ्या ऑगस्ट 1941 च्या बट अहवालात असे आढळले होते, की लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद झालेल्या ब्रिटिश विमानांपैकी केवळ एक तृतीयांश विमाने लक्ष्यापासून आठ किलोमीटरच्या आत पोहोचली होती. रात्रीच्या अंधारात कारखाना सापडत नाही, हे त्यातून उघड झाले. त्यानंतर ब्रिटिश हवाई दलाला दिलेल्या 14 फेब्रुवारी 1942 च्या आदेशाने शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे मनोबल हेच मुख्य लक्ष्य ठरवण्यात आले. म्हणजे व्यवहारात ते राहत होते ती शहरे. जुलै 1943 मध्ये हॅम्बुर्गला आगीचे वादळ उठले आणि तीस हजारांहून अधिक माणसे मेली. याला मी ‘सरसकट बॉम्बफेक’ म्हणेन, कारण कारखाना आणि शेजारचे घर यांत भेद न करणे हा अर्थ त्या एका शब्दात येतो.

‘बॉम्बवर्षाव’ मात्र अशा ठिकाणी टाळावा. फुलांचा, अभिनंदनाचा वर्षाव आपल्या कानांत इतका बसला आहे, की त्या शब्दाला नकळत एक शोभा येते.

प्रश्नकर्ता : मग ‘व्यूहात्मक मोहिमेसाठी बांधलेले जड बॉम्बफेकी विमान’ असे लिहिले तर चालेल काय?

उत्तर : पहिल्या उल्लेखात असेच लिहावे. पुढे नुसते ‘बॉम्बफेकी विमान’ पुरेल. काँच्या प्रसंगी मात्र ‘व्यूहात्मक’ शब्द येऊ देऊ नये.