फुकट पैसे मिळाले की माणूस काम सोडतो म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या आईला भेटा

माणदेशी_लेक :
सकाळी एका दादांनी लिहिलंय की यूबीआय, म्हणजे कुठलीही अट न लावता प्रत्येकाला दरमहा ठरावीक पैसे देणं, हे लाडकी बहीण अख्ख्या गावाला लावण्यासारखं आहे, लोक आयतं खायला शिकतील, द्यायचंच असेल तर "नीट चाळणी लावून फक्त खऱ्या गरिबाला द्या". आयत्याचं नंतर बघू, मला त्या चाळणीवर बोलायचंय, कारण माझी आई त्या चाळणीत सहा वर्षं आहे.

वडील गेल्यावर संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म भरला. तेव्हा वर्षाला २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागायचा, म्हणजे दिवसाला ५८ रुपये. ज्वारी काढायला गेलेल्या बाईचा रोजसुद्धा याच्यापेक्षा जास्त असतो, म्हणजे खरं सांगितलं की नाव बाद. तीन वेळा फॉर्म परत आला. आता निराधारचा पगार सुरू झालाय तर पैसे काढताना अंगठा उमटत नाही. जन्मभर खुरपं धरलेली बोटं, रेषाच राहिल्या नाहीत. सीएसपीवाला, म्हणजे गावात बँकेचे पैसे काढून देणारा पोरगा चांगला आहे, ओल्या फडक्याने बोट पुसतो, स्वतः दाबून धरतो, तरी मशीनवर लाल दिवा. दुसरं बोट, परत लाल. मग "मावशी उद्या या". वडापच्या जीपला जाऊन येऊन ४० रुपये. आणि ही बाई अजून मजुरीला जाते बरं का, १५०० मिळतात म्हणून घरी बसलेली नाही. सगळ्यांना द्या म्हणजे कुणालाच मी गरीब आहे म्हणून हात जोडत फिरायला नको, एवढंच माझं म्हणणं आहे.

उन्हाळकांदा_निफाड :
ताई, तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण सगळ्यांना दिले तरी अंगठा लागणारच ना? मशीन तेच, बोट तेच.

आणि काम सोडतात की नाही हे मला विचारा. चार एकर उन्हाळ कांदा आहे, डिसेंबरात रोप तयार झालं की आठ दिवसांत लावणी व्हायला पाहिजे, नाहीतर रोप वाढून जातं. गेल्या साली मुकादमाला ॲडव्हान्स देऊन बसलो, सकाळी सहापासून रस्त्यावर उभा, गाडी आलीच नाही. फोन केला तर म्हणे बाया दुसरीकडे गेल्या, तिथे जास्त देतात. एकरी १४ हजार लावणीचे मोजले शेवटी. आधी एवढं नव्हतं. ऑगस्ट २०२४ ला राखीच्या आधी खात्यात लाडकी बहीणचे ३००० पडले तेव्हापासून गावात खुरपायला माणूस मिळेना, हे मी डोळ्याने पाहिलंय, मला कुठला रिपोर्ट दाखवू नका.

हिशोबनीस :
भावना बाजूला ठेवून जरा आकडे बघा. विधानसभेला राज्यात ९ कोटी ७० लाख मतदार होते. प्रत्येकाला महिना १५०० म्हणजे वर्षाला १८ हजार, गुणाकार करा, पावणेदोन लाख कोटी होतात. राज्याचं २०२५-२६ चं अख्खं बजेट ७ लाख कोटी, त्यातच राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटी. कुठून आणणार? एकट्या लाडकी बहीणला २०२४ मध्ये ४६ हजार कोटी धरले होते, पुढच्या बजेटला ३६ हजार कोटींवर आले, महिना १५०० चे २१०० करायचा शब्द दिला होता तो तिथेच राहिला आणि केवायसी लावून नावं कमी करणं सुरू झालं. सगळ्यांना द्यायला घेतलंत तर दवाखाना, शाळा, एसटी यातलंच काहीतरी कापणार. महिना १५०० ने एमआरआय होत नाही.

आणि हा पैसा कुणाचा? आमच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० व्यवसाय कर कापतात, वीस वर्षं झाली, त्याचं काय होतं कुणी सांगत नाही.

माणदेशी_लेक :
सांगते की. हा व्यवसाय कर १९७५ साली लावला तोच रोजगार हमीसाठी. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागातली माणसं खडी फोडून जगली, माझी आजी त्यात होती, आणि विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागेंनी तासगावात आधी करून बघितलेली ती योजना पुढे कायदा झाली, १९७९ पासून लागू. म्हणजे शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावाचा भार उचलायचा हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वीच ठरवलंय. तुमचे ते पैसे वाया गेले नाहीत, मी त्यातूनच आलेली आहे.

तुमचा गुणाकार चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण २०१६-१७ च्या आर्थिक सर्वेक्षणात केंद्राचे तेव्हाचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन यांनी यूबीआयवर अख्खं प्रकरण लिहिलं तेव्हा माणशी वर्षाला ७,६२० धरले होते, आणि वरच्या पंचवीस टक्क्यांना बाहेर ठेवून. सुरुवात लहान करता येते. अंगठ्याचं निफाडच्या दादांचं बरोबर आहे, तेवढं मान्य करावं लागेल. पण मशीनपर्यंत पोचायला जी तीन वर्षं गेली ती तरी वाचतील.

सुरगाण्याची_सून :
निफाडवाले दादा, ज्या गाडीची तुम्ही वाट बघत होता तसल्या गाडीत माझी सासू असते. रात्री तीनला उठून भाकरी थापायच्या, चारला पिकअपमध्ये वीस बाया उभ्या, थंडीत फडकं बांधून, तुमच्या वावरात सातला पोचायचं आणि दिवसभर चिखलात वाकून एक एक रोप टोचायचं. संध्याकाळी बोटं सरळ होत नाहीत, मी तेल लावून देते. आणि तुमच्या एकरी १४ हजारातून मुकादम, गाडी, डिझेल गेल्यावर तिच्या हातात ३०० पडतात. गड्याला ५००. तो फवारा मारतो, ही वाकते, जास्त कुणाचं दुखतं?

रोजगार हमीत बाईला आणि गड्याला सारखा दर असतो, मग तुमच्या वावरात का नाही? बाया आळशी झाल्या नाहीत, बायांनी "नाही" म्हणायला शिकलंय. १५०० मुळे एवढंच झालं की आजारी असताना जावंच लागत नाही.

उन्हाळकांदा_निफाड :
मग मी काय बंगले बांधलेत का? निर्यातबंदी केली २०२३ च्या डिसेंबरात, तेव्हा माझा माल शेडमध्ये होता, तो कोणी भरून दिला? आधी ४० टक्के निर्यात शुल्क, मग बंदी, मग परत शुल्क. पीएम किसानचे वर्षाला ६ हजार देतात, ते औषधाच्या एका फवारणीत जातात. मला भाव द्या, मी बाईला ६०० देतो. हातात पैसे देऊन गप्प बसवायचं आणि भाव पाडायचे, यूबीआयच्या नावाखाली हेच होणार. शेतकऱ्याला खलनायक करू नका राव, संताप येतो.

हिशोबनीस :
विषय यूबीआयचा होता, कांद्यावर कुठे गेला?

सुरगाण्याची_सून :
विषय हाच आहे साहेब. पैसे मिळाले की मजूर मिळत नाही, हाच तर पहिल्यापासून आक्षेप आहे.

माणदेशी_लेक :
त्याच्यावर करून बघितलेलं आहे. मध्य प्रदेशात २०११ च्या सुमारास 'सेवा' या कष्टकरी बायांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने आठ गावांत प्रत्येकाला पैसे दिले, मोठ्या माणसाला महिना २००, लहान मुलाला १००, नंतर ३०० आणि १५०. लोक घरी बसले नाहीत, दुसऱ्याची मजुरी कमी करून स्वतःच्या तुकड्यावर जास्त राबले. बियाणं घेतलं, शेळ्या घेतल्या. दारूचा खप काही वाढला नाही. फिनलंडमध्येही २०१७-१८ ला २००० बेरोजगारांना ५६० युरो दिले, तिथेही त्यांचं काम करणं कमी झालं नाही.

उन्हाळकांदा_निफाड :
फिनलंड आपल्या नाशिक जिल्ह्यापेक्षा लहान आहे माणसांनी, ते सोडा. पण ते मध्य प्रदेशचं वाचलं तर तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. दुसऱ्याच्या वावरातली मजुरी कमी झाली. माझ्यासारख्याचा मजूर गेलाच की.

माणदेशी_लेक :
गेला. ते लपवायचं कारण नाही. तो स्वतःच्या शेतात गेला, आणि तुम्हाला त्याला बोलवायचं तर रोज वाढवावा लागेल. मला यात काही वाईट दिसत नाही, तुम्हाला दिसतं, कारण चेक तुम्हाला फाडावा लागतो. तुमच्या भावाचं मात्र खरं आहे. भाव नाही तर रोज कुठून वाढणार.

हिशोबनीस :
व्यवसाय कराचं मला माहीत नव्हतं. आकड्यांवर मी ठाम आहे, एवढे पैसे राज्याकडे नाहीत. पण साठीच्या वरच्या सगळ्यांना, दाखले न मागता, असं कुणी मांडलं तर मी विरोध करणार नाही.

उन्हाळकांदा_निफाड :
सुरगाण्याच्या ताई, भांडण राहू द्या. माझं रोप २० डिसेंबरला तयार होतंय. मुकादम नको, थेट तुमच्याशी बोलतो. बाईला ४०० रोख, रोजच्या रोज, गाडीभाडं माझं वेगळं. किती जणी येतील?

सुरगाण्याची_सून :
चौदा जणी येतील. दुपारी बसायला सावली आणि प्यायला पाणी लागेल. आणि त्याच वावरात गड्याला किती देताय ते आधी सांगा.