सीटी स्कॅन वाचणारी संगणकप्रणाली आपल्याकडे उपयोगी पडेल का?

प्रश्न (अंबाजोगाई परिसर):
गेल्या महिन्यात वडिलांना पहाटे अर्धांगवायूचा झटका आला. सीटी स्कॅन लगेच झाला, पण तो वाचणारे डॉक्टर मिळेपर्यंत दुपार झाली आणि त्यांचा उजवा हात अजूनही ताटातला घास उचलत नाही. अशा ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत होईल का?

उत्तर (क्ष-किरणतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर):
वाचून फार वाईट वाटले. मदत नक्की होईल, कारण पहिला निर्णय रक्तस्राव आहे की गुठळी, हाच असतो. साध्या सीटीत ताजे रक्त पांढरे दिसते आणि ते टिपून अशी प्रणाली तज्ज्ञाच्या फोनवर इशारा पाठवू शकते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठी धमनी बंद असेल, तर मेंदूचा वाचवण्याजोगा भाग शिल्लक असलेल्या निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत गुठळी काढण्याचा लाभ होतो, हे २०१८ मध्ये छापून आलेल्या ‘डॉन’ या रुग्णांवरील वैद्यकीय चाचणीने दाखवले. मात्र इशारा मिळाल्यावर रुग्णाला न्यायचे कुठे, हे आधीच ठरलेले हवे. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

प्रश्न (लातूर):
मेंदूतील धमनीवरील फुग्याचे, म्हणजे अ‍ॅन्युरिझमचे, काय?

उत्तर (क्ष-किरणतज्ज्ञ):
शंभरातील सुमारे तीन प्रौढांत तो असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. संगणक बारीक फुगे शोधतो, पण धमनीच्या साध्या वळणालाही कधी फुगा समजतो, म्हणून प्रत्येक खूण डॉक्टरांनी स्वतः तपासलीच पाहिजे.