सासऱ्यांच्या कार्डावर सुनेची तपासणी होत नाही

ताई, सासरे माजी सैनिक, त्यांच्याकडे ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे, मग त्यावर गरोदर सुनेला दाखवता येईल का, असं विचारलंत. नाही येणार. ती योजना (२००३ पासूनची) निवृत्तांची. त्यात पेन्शनरची बायको, अवलंबून असलेली मुलं नि आईवडील बसतात, सून नाही. लग्न झालेली लेकही नाही. आमच्या अपशिंग्यात घरटी फौजी, तरी हा घोळ दर दोन घरांत.

तुमचे मिस्टर अजून नोकरीत आहेत, म्हणजे तुमचा हक्क मिलिटरी हॉस्पिटलचा. साताऱ्याहून ते पुण्यालाच, खडकी नाहीतर वानवडीचं कमांड हॉस्पिटल. आधी त्यांना युनिटात विचारायला सांगा, लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटच्या कागदोपत्री लग्नाची नोंद, निघालीय का? माझी निघालीच नव्हती! फौजीची बायको म्हणून माझं कार्ड हातात येईस्तोवर पाचवा महिना संपला. आणि परतताना खंबाटकीचा घाट, त्याबद्दल न बोललेलं बरं.

म्हणून दर महिन्याला पुणं गाठू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं जा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, फुकट होतं, त्याला फौजी कार्ड लागत नाही. पुण्याला नाव घालून ठेवा, सोनोग्राफीचे नि रक्ताचे कागद एकाच फाईलीत ठेवा, प्रत्येक ठिकाणी तेच मागतात.

अवेळी कळा आल्या तर मात्र जवळचं हॉस्पिटल गाठायचं, आणि मिस्टरांनी लगेच युनिटला कळवायचं.