‘डॉक्टर स्ट्रेंज’ तुम्ही कधी, कुठे, कुणाबरोबर पाहिला?

सातारा
जादूविद्या शिकणाऱ्या एका सर्जनचा हा चित्रपट आपल्याकडे ४ नोव्हेंबर २०१६ ला लागला आणि चारच दिवसांनी नोटाबंदी आली. आम्ही चौघं मित्र त्याच आठवड्यात गेलो, तर तिकीटखिडकीवर पाचशेची नोट कुणी घेईना. शेवटी एकाच्या आईनं डाळीच्या डब्यात साठवलेल्या दहा-वीसच्या नोटा काढून दिल्या. हाँगकाँगचा शेवट तेव्हापासून मनात घर करून आहे. एरवी अशा चित्रपटांत शहरं कोसळतात, इथे कोसळलेलं शहर उलट्या काळात पुन्हा उभं राहतं. आणि डोर्मामू या खलनायकाला नायक हरवतो तो ताकदीनं नव्हे, पुन्हा पुन्हा मरायची तयारी ठेवून. तुम्हाला काय भिडलं? सविस्तर लिहा.

मिरज
आमचं घर तंबोरे बनवणारं. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला. पुढच्याच वर्षी मी हा चित्रपट मोबाईलवर पाहिला. अपघातानंतर त्या सर्जनच्या बोटांत पिना घातलेल्या दिसतात तिथं मी थांबवून ठेवला, पुढं बघवेना. दोन दिवसांनी उरलेला पाहिला. हात थरथरतात म्हणून आपल्याला मंत्र जमत नाही, अशी तक्रार तो करतो. तेव्हा गुरू एका साधकाला पुढं बोलावते. त्याला डावा पंजाच नाही, तरी तो हवेत प्रकाश उभा करतो.

त्यानंतर मी वडिलांना पुन्हा कामाला बसवलं. जवारी काढायची, म्हणजे सूर खुलवायचा, तर तारांखालची घोडी केसभर घासायची, तार छेडायची, परत घासायची. आता कानस माझ्या हातात असते. ते डोळे मिटून, भोपळ्याला कान लावून बसतात. “पुढनं अजून. बास. आता तारेखालचं सूत सरकव.” सूर खुलला की डावा हात मांडीवर आपटतात. गिऱ्हाईकाला मी आजही सांगतो, जवारी बाबांनीच काढलीय.

कराड
एक खटकलं ते लिहितो. मूळ कॉमिकमधला गुरू तिबेटी, चित्रपटात मात्र टिल्डा स्विंटन. तिचं काम सुरेखच आहे, पण विद्या काठमांडूत शिकायची आणि शिकवणारी गोरी, हे मनाला पटलं नाही.

बत्तीस शिराळा
आमच्याकडे गोरक्षनाथांचं देऊळ, श्रावणात घरोघरी नवनाथांची पोथी. त्यामुळे यातलं चित्रण नेपाळातल्या काठमांडू आणि पाटणमध्ये झालंय हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. त्याच पाटणमध्ये दरवर्षी मच्छिंद्रनाथांचा रथ ओढतात.

टीव्हीवर हिंदीतून लागला तेव्हा आजी शेजारी बसून वाती वळत होती. स्ट्रेंज जखमी होऊन हॉस्पिटलात येतो, देह टेबलावर आणि आत्मा बाहेर पडून लढतोय. मी समजावून सांगायच्या आत आजी म्हणाली, “परकायाप्रवेशासारखंच हाय की ह्ये. मच्छिंद्रनाथ राजाच्या देहात गेलं, तवा त्येंचा देह राखून ठेवलावता. ह्येचा कोन राखतंय?”

मी क्रिस्टीनकडे बोट दाखवलं. हातातली वात तशीच धरून आजी त्या डॉक्टरणीकडे बघत राहिली, तो डोळे उघडेपर्यंत.