मदत हवी आहे: ऑनलाइन संगणक चाचणी काही यंत्रांवर उघडत नाही, काहींवर पुन्हा पुन्हा लॉगिन मागते

नमस्कार,

मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळेचे काम पाहतो. वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाची अंतर्गत संगणक चाचणी आमच्याकडे ब्राउझरमधून होते. चाचणीची प्रणाली बाहेरच्या पुरवठादाराची आहे. तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही. आमच्या संकेतस्थळाच्या एका पानावर एक चौकट असून त्या चौकटीत पुरवठादाराचे लॉगिनचे पान दिसते. विद्यार्थ्याने तेथे बैठक क्रमांक व पासवर्ड दिला आणि 'चाचणी सुरू करा' हे बटण दाबले, की प्रश्नपत्रिका स्वतंत्र विंडोत उघडावी अशी रचना आहे. प्रयोगशाळेत विंडोज १० व क्रोम असलेली २६ यंत्रे आहेत आणि विंडोज ७ वर अडकलेली ४ जुनी यंत्रे आहेत. सराव चाचणीत तीन प्रकारच्या अडचणी आल्या. त्या एकाच कारणाच्या आहेत की वेगवेगळ्या, हेच मला नीट उलगडलेले नाही.

पहिली अडचण सर्वांत चमत्कारिक आहे. बटण दाबल्यावर चक्र फिरते, थांबते आणि काहीच उघडत नाही. पत्त्याच्या पट्टीच्या उजव्या टोकाला एक लहानसे चिन्ह उमटते आणि त्यावर टिचकी मारल्यास पॉप-अप अडवल्याची सूचना येते. येथवर समजण्यासारखे आहे. परंतु दुपारी प्रयोगशाळा रिकामी असताना त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगवर, तोच बैठक क्रमांक घालून मी बटण दाबले तर विंडो विनातक्रार उघडते. पूर्ण तुकडी बसली की निम्म्या मुलांची उघडते आणि निम्म्यांची नाही. सेटिंग यंत्रात असते, मग शेजारी किती मुले बसली आहेत यावर ती कशी बदलते?

दुसरी अडचण मागच्या रांगेतील आठ यंत्रांपुरती आहे. तेथे बैठक क्रमांक व पासवर्ड बरोबर दिला तरी कोणताही दोष न दाखवता लॉगिनचेच पान परत येते. पासवर्ड मुद्दाम चुकीचा दिला तर मात्र 'पासवर्ड चुकीचा आहे' असे स्पष्ट येते, म्हणजे तपासणी होत आहे, पण झालेले लॉगिन टिकत नाही.

तिसरी अडचण वेळेची आहे. एका प्रश्नात विद्यार्थ्याला एक्सेलमध्ये पगारपत्रक तयार करून त्यावरून आलेली उत्तरे चाचणीत भरायची असतात. एक्सेलची विंडो पूर्ण पडदाभर उघडून मुले दहा-बारा मिनिटे काम करतात आणि परत येतात तेव्हा चाचणीतील उलटे घड्याळ मागे पडलेले असते. पडद्यावर वेळ शिल्लक दिसत असतानाच 'वेळ संपली' असा संदेश येऊन चाचणी बंद होते.

पुरवठादाराच्या मदत क्रमांकावर विचारले असता सर्व संकेतस्थळांना पॉप-अप उघडू द्या, सर्व कुकीज (संकेतस्थळाने ओळख पटण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लहान नोंदी) चालू करा आणि अँटिव्हायरस बंद ठेवा, असा सल्ला मिळाला. हा सल्ला मला मान्य नाही. याच यंत्रांवर मुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, त्यात बँक खात्याचा तपशील असतो. एका चाचणीपायी सगळी दारे सताड उघडी टाकणे योग्य वाटत नाही. क्रोम अद्ययावत करणे, कॅशे पुसणे आणि एक्स्टेन्शन बंद करणे हे करून झाले आहे, त्याने फरक पडला नाही.

माझी विचारणा अशी आहे, की केवळ या चाचणीपुरती आणि कमीत कमी सवलत देऊन हे कसे चालवता येईल? शिवाय तीस यंत्रांवर एकेक करून न करता एकदाच करता येईल असा मार्ग असल्यास जाणकारांनी सांगावा, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण लक्षणे वेगवेगळी लिहिली हे बरे केले, कारण तिन्हींची कारणे वेगळी आहेत.

पहिल्या अडचणीचे उत्तर पाच सेकंदांत आहे. ब्राउझर प्रत्येक पॉप-अप अडवत नाही. वापरकर्त्याने टिचकी मारली आणि तिच्या परिणामी विंडो उघडली, तर ती त्याला चालते. कोणी काही न दाबता पान आपणहून विंडो उघडू लागले, तर तो अडवतो. क्रोममध्ये टिचकीचा हा परवाना साधारण पाच सेकंद टिकतो. तुमची प्रणाली बहुधा बटण दाबल्याबरोबर विंडो उघडत नसावी. आधी सर्व्हरकडे प्रश्नपत्रिका मागत असावी आणि उत्तर आल्यावर विंडो उघडत असावी. तुम्ही एकटे असता तेव्हा उत्तर सेकंदभरात येते आणि परवाना शिल्लक असतो. पूर्ण तुकडीने एकाच वेळी बटण दाबले, की एकाच इंटरनेट जोडणीवर सगळ्यांच्या मागण्या रांगेत लागतात, उशिरा उत्तर मिळालेल्यांचा परवाना तोवर संपलेला असतो आणि ब्राउझर ती विंडो आगंतुक समजून अडवतो. म्हणजे सेटिंग बदलत नाही, बदलतो तो उशीर.

खातरजमा करायची असल्यास एफ१२ दाबून 'नेटवर्क' या भागात संथ जोडणीचे सोंग घेण्याची सोय आहे. तेथे मंद वेग निवडा आणि एकट्यानेच बटण दाबून पाहा. माझा अंदाज बरोबर असेल तर रिकाम्या प्रयोगशाळेतही विंडो अडेल.

यावर खरा उपाय पुरवठादाराच्या हातात आहे. बटण दाबताक्षणी रिकामी विंडो उघडावी आणि मजकूर आला की तीत भरावा, एवढाच बदल त्यांना करायचा आहे. तोपर्यंत त्यांच्या एकट्या पत्त्याला पॉप-अपची मुभा द्या: सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', तेथे 'साइट सेटिंग्ज', तेथे 'पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स' आणि खालच्या परवानगीच्या यादीत त्यांचा पत्ता. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की हा पत्ता चौकटीत दिसणाऱ्या पानाचा नसून पट्टीत दिसणाऱ्या पानाचा लागण्याची शक्यता आहे. त्यामुळे चौकट ठेवणार असाल तर दोन्ही पत्ते घाला.

दुसऱ्या अडचणीबाबत एक तपासा. मागच्या रांगेतील क्रोम उघडल्यावर विंडोचा रंग काळपट दिसतो का? डेस्कटॉपवरील क्रोमच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'टार्गेट'च्या रकान्यात शेवटी काय लिहिले आहे, ते येथे लिहावे.

धागाकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल आभार. मंद जोडणीचा प्रयोग केला आणि रिकाम्या प्रयोगशाळेतही विंडो अडली.

मागच्या आठही यंत्रांवर 'टार्गेट'च्या शेवटी दोन आडव्या रेघा आणि पुढे 'इनकॉग्निटो' हा शब्द आहे, म्हणजे तेथे क्रोम बंद केल्यावर लॉगिन व इतिहास न ठेवणाऱ्या खाजगी विंडोत उघडतो. माझ्या आधीच्या सहायकांनी ही सोय केलेली दिसते. मुले आपले ईमेल खाते तसेच उघडे टाकून निघून जातात, हे त्यामागचे कारण असावे आणि ते मला पटतेही. ही सोय काढून टाकावी लागेल का?

प्रतिसाद २

काढू नका, ती शहाणपणाची सोय आहे. इनकॉग्निटोमध्ये क्रोम तृतीय पक्षाच्या कुकीज मुळातच अडवतो. पट्टीत महाविद्यालयाचा पत्ता आणि चौकटीत पुरवठादाराचे पान, त्यामुळे पुरवठादार तेथे तिऱ्हाईत ठरतो. तो लॉगिनची कुकी ठेवू पाहतो, ब्राउझर ती ठेवू देत नाही आणि पुढच्या पानावर विद्यार्थी पुन्हा अनोळखी होतो. पासवर्ड चुकीचा दिल्यास तसे कळते, बरोबर दिल्यास मुकाट्याने मागे येते, ही तुमची नोंद याच्याशी तंतोतंत जुळते.

ब्राउझर बदलून हे सुटेल असे समजू नये. सफारी २०२० पासून तृतीय पक्षाच्या कुकीज सरसकट अडवतो आणि फायरफॉक्स २०२२ पासून त्या प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळ्या डब्यात ठेवतो. माझ्या मते कुकीजना सवलत देण्याऐवजी चौकटच टाळावी. डेस्कटॉपवरील चिन्हाने थेट पुरवठादाराच्या पत्त्यावर जावे. मग पट्टीत त्याचाच पत्ता असेल, तो तिऱ्हाईत उरणार नाही आणि इनकॉग्निटो चालू असूनही लॉगिन टिकेल. पहिल्या प्रतिसादात म्हटलेला दोन पत्त्यांचा प्रश्नही त्याबरोबर निकालात निघतो.

एक खबरदारी मात्र घ्यावी. इनकॉग्निटोच्या सगळ्या विंडो मिळून कुकीजचा साठा एकच असतो आणि शेवटची विंडो बंद होईपर्यंत तो पुसला जात नाही. आधीच्या विद्यार्थ्याची प्रश्नपत्रिका खाली टास्कबारवर दडून राहिली असेल, तर पुढच्या विद्यार्थ्याला त्याचेच लॉगिन मिळेल. दोन तुकड्यांच्या मध्ये यंत्र पुन्हा सुरू करून घेणे सर्वांत सोपे.

सर्व यंत्रांना एकदाच मुभा देण्यासाठी क्रोमची धोरणे (संस्थेने यंत्रावर ठरवून दिलेल्या सेटिंग्ज) वापरता येतात आणि ती इनकॉग्निटोतही लागू होतात. रजिस्ट्री एडिटर या विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्ज बदलण्याच्या साधनात 'एचकेईवाय लोकल मशीन'खाली 'सॉफ्टवेअर', त्यात 'पॉलिसीज', त्यात 'गूगल', त्यात 'क्रोम' अशी वाट आहे. मधली एखादी की (फोल्डरसारखा कप्पा) नसेल तर तयार करावी. 'क्रोम'च्या आत 'पॉपअप्सअलाउडफॉरयूआरएल्स' या नावाची की करायची. नाव इंग्रजीत, शब्द जोडून, प्रत्येक शब्दाचे पहिलेच अक्षर मोठे. तिच्यात '१' या नावाची स्ट्रिंग (आकडा इंग्रजी) आणि तिचे मूल्य म्हणून पुरवठादाराचा पत्ता. एका यंत्रावर चालले की ती की फाइल म्हणून एक्स्पोर्ट करा आणि पेनड्राइव्हवरून प्रशासकाच्या खात्याने इतर यंत्रांवर टाका. पट्टीत 'क्रोम', अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि 'पॉलिसी' असे इंग्रजीत लिहिल्यास धोरण लागू झाले की नाही ते दिसते. यानंतर मेनूमध्ये हा ब्राउझर संस्थेच्या व्यवस्थापनाखाली असल्याची ओळ दिसू लागेल. ती पाहून कोणी व्हायरस आला म्हणून धावत आल्यास घाबरू नये.

प्रतिसाद १

घड्याळाबद्दल लिहायचे राहिले होते. क्रोम नजरेआड असलेल्या पानाचा वेग कमी करतो. पान पाच मिनिटांहून अधिक काळ दडलेले राहिले तर त्यातील वेळमापक मिनिटाला एकदाच चालवण्याची पद्धत २०२१ च्या आरंभी, ८८ व्या आवृत्तीपासून आली. विंडोजवर दुसऱ्या विंडोने पूर्ण झाकलेली विंडोही दडलेली धरली जाते. तुमच्या प्रणालीचे घड्याळ दर ठोक्याला एक सेकंद वजा करत असावे. ठोकेच कमी पडले, की ते मागे राहणार. सर्व्हरची वेळ मात्र योग्य गतीने चालते आणि तीच चाचणी बंद करते. समाप्तीची वेळ सर्व्हरकडून एकदा घेऊन प्रत्येक वेळी तीतून आत्ताची वेळ वजा केली, तर हा प्रश्न येत नाही. हेही पुरवठादारालाच सांगावे लागेल.

सध्यापुरते मुलांना विंडोज कळ दाबून डावा बाण आणि उजवा बाण वापरायला शिकवा. अर्ध्या पडद्यावर एक्सेल, अर्ध्यावर चाचणी. विंडो दिसत राहिली की तिचा वेग कमी होत नाही.

प्रतिसाद ३

विंडोज ७ च्या यंत्रांवर वेळ घालवू नये, असे सुचवतो. क्रोमची १०९ ही आवृत्ती त्यांच्यासाठी शेवटची होती, त्यापुढे क्रोमला विंडोज १० लागते. नव्या पद्धतीने लिहिलेले पान तेथे अर्धवट चालणे अगदी शक्य आहे आणि ते सेटिंगने सुटणार नाही.

अवांतर: जुन्या यंत्रांवर सकाळी प्रमाणपत्राची तारीख चुकल्याचा इशारा येत असेल, तर ब्राउझरला हात लावू नका. सेल संपला की यंत्राची तारीख चुकते, म्हणून मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा बटणसेल बदला.

धागाकर्ता

तीनही प्रतिसादकांचा आभारी आहे. चौकट वगळून थेट पत्त्याचे चिन्ह सर्व यंत्रांवर ठेवले आणि पॉप-अपचे धोरण टाकले. त्यानंतर पूर्ण तुकडी बसवून सराव चाचणी घेतली असता विंडोज १० च्या सर्व यंत्रांवर विंडो उघडली आणि मागच्या रांगेत लॉगिनही टिकले. कुकीजच्या सेटिंगला किंवा अँटिव्हायरसला हात लावावा लागला नाही.

शेजारी-शेजारी विंडो ठेवल्यावर घड्याळ बरोबर चालते, परंतु सवयीने एक्सेल पडदाभर करणारी मुले निघतातच. म्हणून घड्याळ सुधारेपर्यंत पर्यवेक्षकांनी शिल्लक वेळ फळ्यावर लिहावी असे प्राचार्यांच्या संमतीने ठरले आहे. टिचकीबरोबरच विंडो उघडणे आणि समाप्तीची वेळ सर्व्हरकडून घेणे, या दोन मागण्या पुरवठादाराला लेखी पाठवल्या आहेत. विंडोज ७ ची चारही यंत्रे चाचणीतून वगळली आहेत आणि त्या जागांचे विद्यार्थी दुसऱ्या तुकडीत घेतले आहेत.