अनुभव धागा : सोलापूरचा हौशी वाद्यवृंद, वाजवणारे आणि ऐकणारे

हुतात्मा स्मृती मंदिरात परवा वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम सातचा, रांग साडेपाचपासून. पास न मिळालेले दाराशी उभे राहून ऐकत होते आणि मध्यंतरात चहाच्या गाडीवर जो तो काहीतरी सांगत होता. ते चहाबरोबरच संपू नये म्हणून हा धागा काढतोय.

वृंदात कुणालाच मानधन नाही. बँकेतून निवृत्त झालेले, शाळेत शिकवणारे, टॉवेलच्या कारखान्यातले, लग्नाच्या बँडमधले असे सगळे रविवारी आपापलं वाद्य घेऊन जमतात. तुम्ही वाजवलं असेल, ऐकलं असेल, खुर्च्या मांडल्या असतील, नुसतं कुणाला तालमीला सोडायला गेला असाल तरी लिहा. दोन अटी : माणसांची नावं नकोत आणि नुसतं 'अप्रतिम, अविस्मरणीय' नको. काय घडलं ते सांगा.

बी_फ्लॅट

मी क्लॅरिनेट वाजवतो. बँडवाला आहे. लग्नसराईत वराती, चातुर्मासात हात रिकामे. तसाच एका चातुर्मासात तालमीला गेलो. वरातीत मागं ताशा, पुढं डीजेची गाडी, मधी आमची फुंक. जोर कमी पडला तर नवरदेवालाबी ऐकू जात नाही. इथं पहिल्याच चालीला वृंद चालवणारे सर म्हणाले, हळू. मी हळू केलं. म्हणाले, अजून. मग विचारलं, शेजारची बासरी ऐकू येते का तुम्हाला? येत नव्हती. 'ती ऐकू येईल एवढंच वाजवा.' बँडात शेजाऱ्याचं ऐकायचं कधी कामच पडलं नव्हतं मला.

दुसरी गंमत पट्टीची. पेटीवाले काका म्हणाले, काळी एक, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा. माझा बाजा बी फ्लॅटचा. मी पांढरी एकची बोटं धरली की पेटीच्या हिशोबानं काळी पाच वाजते. म्हणजे त्यांची काळी एक असली की मी काळी दोनच्या जागेवर सा धरायचा. बँडात ट्रंपेट, युफोनियम, क्लॅरिनेट सगळे बी फ्लॅटचेच, त्यामुळं तिथं हा प्रश्न येत नाही. इथं मी आपला बिनधास्त काळी एक धरून सुरू झालो. असला कल्ला झाला की दारात झोपलेलं कुत्रं उठून गेलं. आता माझे सूर लिहिलेल्या कागदावर वरच्या कोपऱ्यात माझी पट्टी लाल पेनानं लिहून येते. ते लिहिणारे निवृत्त बँक मॅनेजर आहेत. पूर्वी त्यांच्या बँकेत कर्ज मागायला गेलो होतो, तेव्हा सही केली नव्हती. (कागदावर मात्र न विचारता लिहितात.)

रुमालवाली_काकू

आम्ही चौघी दरवर्षी जातो. एकीनं आधी जाऊन चार रुमाल टाकायचे, बाकीच्या भाकरी उरकून येतात. लोक चिडतात, चिडू देत. पुरुष लोक राजकीय सभेला सतरंज्या अडवतात तेव्हा कोण बोलतं?

घरकुलची_सून

माझं माहेर हैदराबादचं, सासर इथलं, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत. व्हायोलिन लहानपणी शिकले ते कर्नाटक पद्धतीनं. मांडी घालून बसायचं, वाद्याचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं, तारा सा-प-सा-प अशा लावायच्या. इथं सगळे खुर्चीवर बसून हनुवटीखाली धरणारे, तारा पाश्चात्त्य पद्धतीनं लावलेल्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता घरी पाठवणार. त्यांनी एक लाकडी चौरंग आणला, त्यावर सतरंजी टाकली आणि मला पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. आजही माझी जागा तीच. फोटोत मी एकटीच खाली दिसते आणि नवीन माणूस विचारतो, ताईंच्या पायाला काय झालंय का?

जुळवून घ्यायला लागलं ते गमकांपाशी. आमच्याकडं सूर सरळ उभा राहतच नाही, तो हलवायचाच. दहा जणांत मी एकटी हलवायला लागले की सगळी ओळ डळमळते. सहा महिने मला सूर सरळ धरून ठेवायला लागले. मग सगळ्यांचे गज एका दिशेनं खाली आणि एका दिशेनं वर जायला लागले तेव्हा मला त्यातली मजा कळली. एकटीनं वाजवताना ती मिळत नाही. घरी मात्र मी अजूनही हलवूनच वाजवते.

सासूबाई विड्या वळतात. त्यांना पहिल्यांदा कार्यक्रमाला नेलं. दोन तास ताठ बसून ऐकलं. रिक्षात तेलुगूत म्हणाल्या, 'सगळे एकदम का वाजवतात? एकेकानं वाजवलं असतं तर कोण चांगलं ते तरी कळलं असतं.' हे मी आमच्या सरांना सांगितलं. त्यांनी पुढच्या कार्यक्रमात प्रत्येक वाद्याला आठ-आठ मात्रांची जागा देणारी एक रचना बसवली. आता सासूबाई दरवेळी निकाल जाहीर करतात. या वर्षीचा पहिला नंबर ढोलकीला.

उत्तर_कसबा

@घरकुलची_सून, सासूबाईंना पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून स्टेजवरच बसवा!

माइक_टेस्टिंग

मी स्पीकर लावतो, म्हणजे वृंदातला सर्वांत शिव्या खाणारा माणूस. वाजवणाऱ्याला वाटतं आपलं ऐकू गेलं नाही, ऐकणाऱ्याला वाटतं जास्तच झालं.

दोन गोष्टी लोकांना सांगायच्या आहेत. एक, उघड्या मैदानावर दहा वाजता मी आवाज का बंद करतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंद सभागृहाला हे लागू नाही, पण मैदानाला आहे. पावणेदहाला 'वन्स मोअर' ओरडू नका, मी वाईट दिसतो.

दुसरी गोष्ट ऊन. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. तापमान एक अंशानं वाढलं की हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरनं वाढतो. फुंकून वाजवायची वाद्यं त्यामुळं चढतात. तारा मात्र उष्णतेनं सैल होऊन उतरतात. पेटी जवळजवळ आहे तिथंच राहते. म्हणजे दुपारी लावलेलं संध्याकाळी तीन तोंडांना जातं. स्टेजचे दिवे लागल्यावर पुन्हा सूर मिळवायचा. मंडळी म्हणतात, 'हे अजून सुरूच करेनात.' ते सूर मिळवतायत, पाच मिनिटं द्या. एका उन्हाळी कार्यक्रमात सत्कार लांबले आणि ती पाच मिनिटं मिळाली नाहीत. पहिली रचना ज्यांनी ऐकली त्यांना विचारा.

लावणीप्रेमी

थोडं कडू लिहितो. गर्दी होते हे खरं, पण कशाला होते? तीच जुनी हिंदी गाणी, तोच 'सुवर्णकाळ'. राम जोशी आपल्याच गावचे. आपल्या गावच्या लावणीला या वृंदात जागा किती? एखादी, तीही शेवटी, लोक चपला शोधत असताना. शिवाय सिनेमाची चाल जाहीर कार्यक्रमात वाजवायची तर इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचा परवाना काढावा लागतो, त्याचे पैसे जातात. भारतात कर्ता गेल्यावर ६० वर्षांनी त्याच्या रचनेवरचा हक्क संपतो. राम जोशी पेशवाईतला माणूस. फुकटात मिळतंय तर वाजवत का नाही?

कागद_करणारा

@लावणीप्रेमी, मीच तो लाल पेनवाला. (आणि कर्जाची फाइल अपुरी होती.) तुमचं म्हणणं पटतं, पण अडचण पैशाची नाही. लावणीचे शब्द पुस्तकात आहेत, चाल गळ्यात आहे. ती गाणारीकडे जाऊन ऐकायची, भातखंडे पद्धतीनं, म्हणजे सरगमात, लिहायची, मग बासरीला किती, व्हायोलिनला किती, ढोलकी कुठं सोडायची असे वेगवेगळे कागद करायचे. सिनेमाच्या गाण्यात मधले तुकडे कुणीतरी आधीच रचून ठेवलेत, ऐकून उतरवले की झालं. लावणीत ते नव्यानं रचायला लागतात. पाच मिनिटांच्या रचनेला माझे दोन महिने जातात आणि मी रोज बसतो. तरी एक तयार होतेय, चाल एका जुन्या तमाशा कलावंत बाईंकडून घेतली आहे. त्यांनी आधी विचारलं, 'एवढी माणसं मिळून एकच वाजवणार?' म्हणजे घरकुलच्या सासूबाई एकट्या नाहीत. ही लावणी मध्यंतराच्या आधी लावायची, हे मी भांडून मान्य करून घेतलंय.

लावणीप्रेमी

मग मी येतो. चपला घालूनच बसतो.

साखर_पेठ

आमचा यंत्रमागाचा कारखाना होता. वडिलांचं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं, पन्नाशीनंतर त्यांना उंच आवाज जवळजवळ ऐकू यायचे बंद झाले. मी वृंदात तबला-ढोलकी बघतो. त्यांना कार्यक्रमाला आणलं की ते प्रेक्षकांत बसत नाहीत, विंगेत माझ्या मागं खुर्ची टाकतात. बासरी-व्हायोलिनचं काही कळत नाही म्हणतात. पण लय एवढीशी पळाली तरी मागून खुर्चीच्या दांडीवर बोटं आपटतात. मागाचा धोटा चुकीच्या वेळी आला की धागा तुटतो, त्यामुळं ते कान शाबूत आहेत. वृंदातली बाकीची मंडळी आता मध्यंतरात त्यांच्याकडं बघतात. त्यांनी मान हलवली तर ठीक. नाहीतर दुसऱ्या भागात सर हात जरा कमी वेगानं फिरवतात.

बाराबंदी

बासरी वाजवतो. हा वृंद जानेवारीत कार्यक्रम का करत नाही असं बाहेरचे विचारतात. करून पाहिला होता. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, होम मैदानावर पाळणे, रस्ते बंद. वृंदातली निम्मी माणसं नंदीध्वजाच्या, म्हणजे यात्रेत मिरवायच्या उंच काठ्यांच्या, सरावात. मी स्वतः ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाच्या मिरवणुकीतून थेट तालमीला आलो होतो, अंगात बाराबंदी (यात्रेतला पांढरा पोशाख), खांदे बधिर. बासरी ओठाला लावली तर श्वासच पुरेना. शिवाय १२ जानेवारी म्हणजे सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १९३१ साली येरवड्यात फाशी दिली तो दिवस. त्या दिवशी हलकीफुलकी गाणी कुणालाच वाजवावीशी वाटत नाहीत. आता फेब्रुवारीच्या शेवटी असतो. ऊन चढलेलं नसतं, यात्रा संपलेली असते.

चिमटेवाला

मला एकही वाद्य येत नाही. बायको व्हायोलिन वाजवते म्हणून ओढला गेलो. माझ्याकडं खाती तीन : खुर्च्या, स्टँड, चिमटे. विकतचे स्टँड महाग, म्हणून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका वेल्डरकडून लोखंडी नळीचे करून घेतले. जड आहेत, पण पडत नाहीत. पंख्याखाली कागद उडतात, त्यासाठी कपडे वाळत घालायचे चिमटे, प्रत्येक स्टँडला दोन. मोजून देतो, मोजून घेतो, तरी कमी भरतात. क्लॅरिनेटवाले, तुमच्याकडं किती आहेत ते मला माहीत आहे.

आणि पाणी. तालमीची वेळ ठरवताना आधी विचारतात, कुणाकडं कधी पाणी येणार? चार-पाच दिवसांनी येणारं पाणी सोडून कोण येईल सूर मिळवायला? माझ्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढं वाद्य आणि पाण्याचा वार असे दोन रकाने आहेत. पाळी बदलली की खाडाखोड.

बी_फ्लॅट

सहा आहेत. रविवारी आणतो.

जुळे_सोलापूर

मी नुकतीच बदलून आलेय. व्हायोला (व्हायोलिनपेक्षा मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवते, स्वरलिपी वाचता येते पण पाश्चात्त्य, सरगम हळू वाचते. अशा माणसाला घेता का? परीक्षा वगैरे असते का?

कागद_करणारा

परीक्षा नाही. दोन-तीन तालमी शेजारी बसून ऐकायचं, मग वाजवायचं. व्हायोलाचे कागद आमच्याकडं नाहीत, कारण व्हायोलाच नव्हता. पेटीच्या डाव्या हाताचे खालचे सूर तुम्हाला लिहून देतो, तुमच्या स्वरलिपीत. खर्जात आमच्याकडं कुणीच नाही, सगळे वरच गर्दी करतात. रविवारी चारला या आणि येताना चेलोवाला कुणी ओळखीचा असेल तर त्यालाही विचारा.

चिमटेवाला

तुमच्याकडं पाणी कोणत्या वारी येतं?